दर्शनी देऊळ, बाजूला गोठा: इटलीतल्या साडेचारशे वर्षांपूर्वीच्या शेतवाड्याची गोष्ट

इटलीच्या ईशान्येला, व्हेनिसपासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत, फान्झोलो नावाचं खेडं आहे. अगदी सपाट मुलूख. मक्याची शेतं, सरळ रेषेत खोदलेले पाट, आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी उत्तरेला आल्प्सच्या रांगा. या सपाटीवर एक फिकट रंगाचं घर उभं आहे. मधोमध चार भक्कम खांब, त्यांच्यावर जुन्या रोमन देवळाला असावा तसा त्रिकोणी माथा, समोर पायऱ्यांऐवजी रुंद दगडी उतरण. दोन्ही बाजूंना कमानींच्या लांबलचक पडव्या, आणि त्या संपतात तिथे एकेक चौकोनी मनोरा. या घराचं नाव व्हिला एमो. व्हेनिसच्या एमो घराण्यातल्या लिओनार्दोसाठी आंद्रेआ पालादिओ या आर्किटेक्टने ते १५६०च्या आसपास बांधलं.

फोटो पाहून वाटतं, कुणा श्रीमंताचा हवापालटाचा बंगला असेल. हवापालट होत असेलही, पण या घराचा बहुतेक भाग माणसांसाठी बांधलेलाच नाही. त्या डौलदार कमानींच्या मागे धान्य, दारूची पिंपं, औतं, बैल आणि घोडे असत. टोकाच्या मनोऱ्यांत कबुतरं. मालकाची राहायची जागा म्हणजे मधला तेवढा चौकोन. प्रबोधनकाळातल्या या घरांबद्दल लिहिताना बहुतेक लोक खांब, प्रमाणं आणि चित्रं यांच्यातच रमतात. माझ्या मते ही घरं कोठारापासून समजून घ्यायला हवीत. कोठार कळलं की खांबही कळतात. दिवाणखान्यापासून सुरुवात केली तर कोठाराकडे लक्षच जात नाही.

दर्यावर्दी माणसं नांगराकडे का वळली

व्हेनिस हे पाण्यावर वसलेलं शहर. तिथल्या उमराव घराण्यांचा पैसा गलबतांतून आला. अलेक्झांड्रियाहून मिरी, लवंग, सुंठ आणायची आणि ती युरोपभर विकायची. शहराला स्वतःची जमीन अशी फारशी नव्हती. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, १४०४ ते १४०५ या दोन वर्षांत, व्हिचेन्झा, व्हेरोना आणि पादुआ ही शेजारची शहरं व्हेनिसच्या ताब्यात आली आणि त्यांच्याबरोबर मोठा सुपीक मुलूखही आला. तरीही पुढची शंभर वर्षं उमरावांचं मन समुद्रातच होतं.

पुढे काय झालं, याची एक सोपी गोष्ट सांगितली जाते. १४९८मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचला. १५०१मध्ये लिस्बनला भारतातून थेट मसाला उतरल्याची बातमी व्हेनिसच्या बाजारात आली आणि तिथे हाहाकार उडाला. १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. मसाल्याचा धंदा बसला म्हणून व्हेनिसवाले शेतीकडे वळले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात आपली मिरी आहे. पण ती अर्धीच खरी आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला येणारा मसाला पुन्हा चांगला वाहू लागला होता. एमो घराण्याच्या या वाड्याचा पाया खणला जात होता, तेव्हा व्हेनिसच्या बाजारात मिरीचा तुटवडा नव्हता.

मग कारण काय? मुख्य कारण धान्य. सोळाव्या शतकात लोकसंख्या वाढत होती आणि गव्हाचा भाव चढत होता. व्हेनिसला बराचसा गहू बाहेरून, त्यातही ऑटोमन साम्राज्यातून आणावा लागे. सुलतानाशी बिनसलं की धान्याची गलबतं बंद. ज्या शहराच्या पोटाची किल्ली शत्रूच्या कमरेला आहे, त्या शहराने घराजवळ गहू पिकवायचं ठरवलं तर नवल नाही. दुसरं कारण युद्ध. १५०८मध्ये पोप, जर्मन सम्राट, फ्रान्स आणि स्पेन व्हेनिसविरुद्ध एकत्र आले. १४ मे १५०९ला आन्यादेल्लोच्या लढाईत व्हेनिसचा असा पराभव झाला की काही आठवड्यांत जवळजवळ सगळा मुलूख हातचा गेला. १५१७पर्यंत तो पुन्हा मिळवला, पण एक धडा मिळाला. दूर राहून नुसता सारा वसूल करणाऱ्या मालकाची जमीन संकटात त्याची राहत नाही. गावात घर हवं, वावर हवा, लोकांनी मालकाचा चेहरा ओळखायला हवा.

तिसरी गोष्ट पाण्याची. या मुलखात खालच्या अंगाला दलदल आणि वरच्या अंगाला गोट्यांची कोरडी जमीन. एकीकडे पाणी उपसायचं, दुसरीकडे आणायचं. एकट्यादुकट्या जमीनदाराचं हे काम नव्हे. १५५६मध्ये व्हेनिसच्या सरकारने पडीक जमिनींसाठी कायमचं खातंच उघडलं. ते पाहणी करी, नकाशे काढी, पाण्याचे परवाने देई आणि मालकांना खर्च वाटून घ्यायला लावी. पादुआत राहणारा आल्विझे कोर्नारो नावाचा जमीनदार तर शेतीला पवित्र काम म्हणत असे. दलदल सुकवून तिथे गहू काढणं हे पुण्य, असा प्रचार त्याने आयुष्यभर केला आणि त्यातून स्वतः गबरही झाला.

फान्झोलोची जमीन लिओनार्दोच्या आजोबांनी घेतली होती. हा वरचा, गोटेरी, पाण्याला आसुसलेला पट्टा. पियावे नदीचं पाणी आणणारा ब्रेन्तेल्ला कालवा या भागात पंधराव्या शतकातच खोदलेला होता, त्यामुळे पाण्याचा हक्क मिळाला की जमिनीचा भाव बदलत असे. आणखी एक गंमत म्हणजे इथल्या शेतांचे बांध आजही रोमन काळातल्या मोजणीला धरून आहेत. इसवी सनापूर्वी १४८मध्ये रोमनांनी पोस्तुमिया नावाचा रस्ता या भागातून नेला आणि त्याच्या आसपासच्या जमिनी चौकोनांत आखून वाटल्या. वाडा त्याच आखणीला धरून उभा आहे. समोरचा लांब सरळ रस्ता वाड्याची शोभा म्हणून पाहिला जातो, पण त्याची दिशा रोमन मोजणीदारांनी सतराशे वर्षं आधी ठरवून ठेवली होती.

पाथरवट ते आर्किटेक्ट

पालादिओचं जन्मनाव आंद्रेआ दि पिएत्रो. जन्म १५०८, पादुआचा. तेराव्या वर्षी तो पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारीला लागला, मालकाशी पटेना म्हणून १५२४मध्ये व्हिचेन्झाला आला आणि तिथे पंधराएक वर्षं दगडच घडवत राहिला. तिशीत त्याला जानजोर्जो त्रिस्सिनो हा विद्वान सरदार भेटला. त्रिस्सिनोने त्याला वाचायला लावलं, १५४१मध्ये रोमला नेलं आणि पालादिओ हे भारदस्त नावही दिलं. रोमची पडकी देवळं, स्नानगृहं, कमानी यांची मापं पालादिओ दोरी लावून घेत हिंडला. हात पाथरवटाचा, डोळा रोमनांचा, आणि गिऱ्हाईक मात्र हिशेबी जमीनदार. या तिन्हींच्या मिळणीतून त्याचं काम उभं राहिलं.

गिऱ्हाइकाची अडचण त्याला नेमकी कळली होती. उमरावाला गावात मान हवा, पण शेती नुकतीच सुरू झाल्याने घरावर फार पैसा घालायचा नाही. याआधी खेड्यातल्या मोठ्या घराची शान म्हणजे तटबंदी, बुरूज, खंदक. सरकार स्थिर झाल्यावर त्यांची गरज उरली नाही. तटाच्या जागी शान दाखवायला काय ठेवायचं? पालादिओचं उत्तर होतं देवळाचं तोंड.

यामागचा त्याचा युक्तिवाद मोठा मजेदार आहे. १५७०मध्ये त्याने वास्तुकलेवर चार खंडांचा ग्रंथ छापला. त्यात तो म्हणतो की खांब आणि त्रिकोणी माथा यांनी घराचं दार उठून दिसतं, घराला भव्यता येते आणि मालकाच्या घराण्याचं चिन्ह लावायला जागा मिळते. शिवाय प्राचीन लोकांनी हा प्रकार देवळांवर वापरला खरा, पण देवळं ही मुळात घरांवरूनच सुचली असणार, म्हणजे आपण घराची वस्तू घरालाच परत देतो आहोत. हा तर्क चुकीचा होता. रोमनांची साधी राहती घरं कशी दिसत हे पालादिओने पाहिलंच नव्हतं, कारण पॉम्पेईचं उत्खनन व्हायला अजून दोनशे वर्षं होती. जगभरच्या बंगल्यांना, बँकांना आणि कचेऱ्यांना जो त्रिकोणी माथा आला, त्याच्या मुळाशी एका हुशार माणसाचा चुकलेला अंदाज आहे.

खर्चाचा प्रश्न त्याने विटेवर सोडवला. ही घरं दगडी वाटतात, पण भिंती विटांच्या आणि वर चुन्याचा घोटलेला गिलावा. खांबसुद्धा अनेक ठिकाणी विटांचेच. त्यासाठी गोलाईच्या खास विटा पाडून घेत, त्या रचून वर गिलावा चढवत. दगड लागे तो फक्त खांबाच्या तळाला आणि डोक्याला, जिथे बारीक कोरीव काम असतं आणि मार बसतो. व्हिला एमोत तर काटकसर आणखी पुढे गेली आहे. बाहेरच्या खिडक्यांना चौकटीची नक्षी नाही, भिंतीला कोरीव पट्ट्या नाहीत. पाहणाऱ्याचा डोळा दुसरीकडे कुठे अडकतच नाही, थेट चार खांबांवर जातो.

कोठाराकडून घराकडे

पालादिओच्या ग्रंथात खेड्यातल्या घराची प्रकरणं वाचताना अधूनमधून आपण कृषी खात्याची पुस्तिका वाचतो आहोत असं वाटतं. घर शक्यतो जमिनीच्या मधोमध असावं, म्हणजे मालकाला चहूकडे लक्ष ठेवता येईल आणि माल आणायला सोपं जाईल. नदी जवळ असली तर उत्तम, साचलेलं पाणी मात्र नको. धान्याच्या कोठाराचं तोंड उत्तरेला हवं, म्हणजे दाणा तापत नाही, वारा लागतो आणि कीड होत नाही. कोठाराला चुन्याची जमीन नको, कारण चुना दाण्याला बाधतो. गवताच्या गंजीची जागा दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड करून, म्हणजे गवत उन्हाने खडखडीत राहतं, आत कोंदटून पेटत नाही. दारूचं तळघर थंड, उत्तरेकडचं.

खळ्याबद्दल तो जे सांगतो ते कुठल्याही शेतकऱ्याला लगेच पटेल. खळं उन्हात हवं, ऐसपैस आणि चोपून टणक केलेलं हवं, मधे किंचित उंच. भोवती पडवी असावी, म्हणजे अवचित पाऊस आला तर रास झटकन आत ओढता येते. ते घराच्या फार जवळ नको, धूळ आत येते. फार लांबही नको, मालकाच्या नजरेआड होतं. शेवटची अट सगळ्यात बोलकी आहे. दाणे वाटून घ्यायच्या दिवशी मालकाची नजर खळ्यावर हवीच.

आता व्हिला एमोच्या त्या लांब पडव्या पाहा. स्थानिक लोक त्यांना बार्केस्सा म्हणतात. व्हेनेतोच्या, म्हणजे व्हेनिसभोवतीच्या या मुलखाच्या, खेड्यांत पडवीची कोठारं आधीपासून होती, पण ती घरापासून सुटी, जिथे जागा मिळेल तिथे. पालादिओने ती उचलून मालकाच्या घराच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत जोडली. एमोच्या वाड्याबद्दल त्याने स्वतः लिहिलंय की तळघरं, कोठारं, तबेले अशा शेतीच्या सगळ्या जागा घराच्या दोन्ही अंगांना आहेत आणि सगळीकडे छपराखालून जाता येतं. पाऊस असो की ऊन, मालक चपला न भिजवता दाराशी उतरतो आणि तबेल्यापर्यंत चक्कर मारून येतो. कमानींची ती ओळ दुरून नुसती लयदार दिसते, पण तिचं काम देखरेखीचं आहे.

टोकाच्या मनोऱ्यांतली कबुतरंही शोभेला नव्हती. पिल्लं खायला होत आणि विष्ठा खताला. समोरच्या रुंद उतरणीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कुणी म्हणतं घोड्यावरून थेट वर यायची सोय, कुणी म्हणतं तिचा उपयोग खळ्यासारखा होत असावा.

मधल्या घरातही हीच शिस्त. राहायचा मजला जमिनीपासून उंचावर आणि त्याच्याखाली स्वयंपाकघर, लाकूडफाटा, पिंपं. याचं समर्थन करताना पालादिओ माणसाच्या शरीराचा दाखला देतो. देवाने सुंदर अवयव दिसतील असे ठेवले आणि कमी देखणे पण तितकेच गरजेचे अवयव झाकून ठेवले, तसंच घरात करावं. फायदे दोन. राहायच्या खोल्यांना ओल लागत नाही आणि घर उंच, रुबाबदार दिसतं. त्याच्या बऱ्याच घरांत छपराखालचा पोटमाळाही धान्यालाच दिलेला असे. भर उन्हाळ्यात दिवाणखान्याच्या डोक्यावर गव्हाची रास म्हणजे तेवढंच उन्हाला आवरण, हे ओघानेच आलं. आपल्याकडच्या देशमुखी वाड्यातही बळद, पेव आणि गोठा एकाच आवारात असत, पण वाड्याचं सगळं तोंड आतल्या चौकाकडे आणि बाहेरून फक्त उंच भिंत नि दिंडी दरवाजा. इथे उलटं आहे. तट नाही, दिंडी नाही, घर हात पसरून शेताकडे तोंड करून उभं आहे.

खोल्यांच्या प्रमाणांबद्दल फार गूढ लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात सांगतो. पालादिओच्या मते खोलीचे सात आकार चांगले. गोल, चौरस, आणि लांबी-रुंदीची ठरावीक गुणोत्तरं, जसं चारास तीन, तिनास दोन, पाचास तीन, दोनास एक. सातवा आकार चौरसाच्या कर्णावरून काढलेला. संगीतातल्या सुरांची अंतरंही अशाच साध्या गुणोत्तरांत बसतात, म्हणून ही घरं गोठलेलं संगीत आहेत असं म्हणायची पद्धत पडली. असेल. पण पाथरवट म्हणून वाढलेल्या माणसाला हेही माहीत होतं की साधं गुणोत्तर गवंड्याला तोंडी सांगता येतं आणि दोरीने आखता येतं. पालादिओ एकाच वेळी अनेक गावांतली कामं पाहत असे. तो हजर नसताना काम न चुकण्याची ही सोय होती.

भिंतींवरची देवी

घराला दागिना एकच, आतली भित्तिचित्रं. ती जोव्हान्नी बात्तिस्ता झेलोत्तीने काढली. ओला गिलावा सुकायच्या आत त्यावर रंग लावायचा, म्हणजे रंग चुन्याबरोबरच घट्ट होतो आणि शतकं टिकतो, अशी ही पद्धत. गालिचे, संगमरवर, कोरीव लाकूड यांच्या मानाने फार स्वस्त. संगमरवरी खांब परवडत नसेल तर तो भिंतीवर रंगवून घ्यावा. मुख्य दालनात रोमन इतिहासातल्या संयमाच्या आणि बलिदानाच्या कथा आहेत, एका खोलीत हर्क्युलिस, दुसरीत व्हीनस. पण आत शिरताना, दारावर, भेटते ती सेरेस. ही धान्याची रोमन देवता, आणि तिच्याभोवती शेतीची अवजारं. उमरावाच्या दाराच्या माथ्यावर अवजारं रंगवलेली असणं ही त्या काळात नवी गोष्ट होती. शेती हे कमीपणाचं काम नाही, असं मालक येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत होता.

फान्झोलोपासून जवळच, टेकड्यांच्या पायथ्याशी, मासेर गावी पालादिओनेच बांधलेला बार्बारो बंधूंचा वाडा आहे. त्यातली चित्रं पाओलो वेरोनेसे या फार मोठ्या चित्रकाराची. अर्धवट उघड्या खोट्या दारातून डोकावणारी मुलगी, सज्जात उभी मालकीण आणि तिची दाई, खोल्यांच्या रांगेच्या टोकाला शिकारीहून परतलेला माणूस. चित्रं इतकी हुबेहूब की भिंत कुठे संपते ते कळत नाही. गंमत अशी, की ग्रंथात या वाड्याचं वर्णन करताना पालादिओ वेरोनेसेचं नावही घेत नाही. झेलोत्तीचं मात्र फान्झोलोच्या वर्णनात घेतो. चित्रांनी आपल्या भिंती खाल्ल्या असं त्याला वाटलं असावं, असा अंदाज बरेच जण करतात. मासेरमध्ये तो वर्णन करत बसतो ते पाण्याचं. घरामागच्या टेकडीतून झरा येतो, तो आधी मूर्तींनी सजवलेल्या कमानीसमोर माशांचं तळं भरतो, तिथून स्वयंपाकघरात जातो, मग बागेला, मग रस्त्याकडेच्या हौदांत आणि शेवटी फळबागेत. एकच धार पाच कामं करून जाते. डानिएले बार्बारो हा धर्मगुरू आणि विद्वान होता, प्राचीन वास्तुशास्त्राचा त्याचा सटीप अनुवाद १५५६मध्ये निघाला आणि त्यातली चित्रं पालादिओची. अशा माणसाच्या घरातही पाण्याचा हिशेब आधी लागला होता.

मका आणि मजूर

आतापर्यंत सगळं मालकाच्या बाजूने झालं. शेतात राबणाऱ्यांची बाजू वाड्याच्या भिंतींवर नाही. गहू, द्राक्षं आणि रेशीम मालकाचं, कुळाने खायचं ते हलकं धान्य. आधी बाजरीसारखी भरडधान्यं होती. सोळाव्या शतकात अमेरिकेहून मका आला आणि व्हेनेतोच्या मैदानात तो झपाट्याने रुजला, कारण एकरी उत्पन्न कितीतरी जास्त. एमोंच्या शेतांतही या नव्या पिकाला लवकर जागा मिळाली. मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं, म्हणजे पोलेंता, हे गरिबाचं रोजचं जेवण झालं. मालकाच्या दृष्टीने सोन्याहून पिवळं. कुळं मक्यावर जगतात आणि सगळा गहू बाजारात जातो.

किंमत दोनशे वर्षांनी कळली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात या मैदानातल्या गरीब घरांत पेलाग्रा नावाचा आजार पसरला. उन्ह लागेल तिथली कातडी सोलून निघते, हगवण लागते, शेवटी बुद्धीवर परिणाम होतो. कारण असं, की मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळं होतं. युरोपने बियाणं आणलं, पण चुन्याची रीत तिकडेच राहिली. नायसिनचा उलगडा १९३७मध्ये झाला. आपल्याकडेही १९६०च्या सुमारास हैदराबादच्या पोषण-संशोधकांनी दख्खनच्या पठारावर ज्वारीशिवाय फारसं काही न मिळणाऱ्या मजुरांत हाच आजार नोंदवला होता. दोष धान्याचा कमी आणि ताटात दुसरं काही नसण्याचा जास्त. १८७०नंतर व्हेनेतोतून लाखो माणसं ब्राझीलला निघून गेली. त्यांच्या वंशजांची बोली दक्षिण ब्राझीलमध्ये आजही बोलली जाते. या वाड्यांच्या वारशात ही माणसंही मोजायला हवीत, असं मला वाटतं.

नकलेत काय गळालं

पालादिओचा ग्रंथ इमारतींपेक्षा जास्त फिरला. इंग्लंडच्या जमीनदारांनी तो डोक्यावर घेतला. अठराव्या शतकात डर्बीशरमध्ये कर्झन घराण्याने केडल्स्टन हॉल बांधायला घेतला, त्याचा आराखडा पालादिओच्या व्हिला मोचेनिगोवरून, म्हणजे मधे मुख्य घर आणि वक्राकार मार्गांनी जोडलेले चार भाग. पैशापायी त्यातले दोनच झाले. पुढे १७९९मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्याला राजवाडा काढला तो केडल्स्टनच्या धर्तीवर, आणि तिथे चारही भाग पुरे केले. वसईचा तह आणि असईची लढाई ज्याच्या कारकिर्दीत झाली, तोच हा वेलस्ली. १८९९मध्ये व्हाइसरॉय म्हणून तिथे राहायला आला तो केडल्स्टनमध्येच जन्मलेला लॉर्ड कर्झन. घरून निघाला आणि घरासारख्याच घरात उतरला. आज ते पश्चिम बंगालच्या राज्यपालांचं निवासस्थान आहे.

या प्रवासात एक गोष्ट गळाली. पालादिओच्या आराखड्यात घराचे बाजूचे हात शेतीसाठी होते. इंग्लंडमध्ये त्यांत नोकरचाकर, स्वयंपाकघर आणि देवघर आलं. कलकत्त्यात कचेऱ्या आणि दालनं आली. हात तसेच पसरलेले, पण मिठीत शेत नाही.

मूळच्या घरांचे हालही थोडे झाले नाहीत. १७९७मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं आणि अनेक उमराव घराणी कर्जात बुडाली. पहिल्या महायुद्धात, १९१७च्या अखेरीस, आघाडी पियावे नदीवर येऊन थांबली. आसपासच्या वाड्यांत फौजा उतरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीवर एवढी मोठी घरं सांभाळणं अशक्य झालं. कुठे गुरं बांधली, कुठे छपरं कोसळली. १९५२मध्ये जुझेप्पे माझोत्ती यांनी त्रेव्हिझो शहरात या घरांच्या पडझडीचं प्रदर्शन भरवलं आणि इटलीला पहिल्यांदा नुकसानीचा आवाका दिसला. त्यातून १९५८मध्ये व्हेनेतोच्या वाड्यांसाठी सरकारी संस्था निघाली. दुरुस्तीला स्वस्त कर्ज देणं हे तिचं मुख्य काम. अशी नोंदलेली घरं चार हजारांहून अधिक आहेत. युनेस्कोने १९९४मध्ये व्हिचेन्झा शहराला जागतिक वारशात घेतलं, १९९६मध्ये यादी वाढवली आणि तिच्यातले पालादिओचे वाडे एकूण २४ झाले. फान्झोलो आणि मासेर दोन्ही त्यात आहेत.

सांभाळण्याचं कोडं मात्र युनेस्कोने सुटत नाही. हे घर शेतीच्या पैशावर उभं राहावं असंच बेतलेलं होतं. शेती सुटली की एवढ्या लांब छपराची कौलं बदलायला पैसा कुठून आणायचा? एमो घराण्याने साडेचारशे वर्षं वाडा हातचा सोडला नाही. अखेर २००४मध्ये तो एका स्थानिक सहकारी बँकेला विकला. आता तिथे पर्यटक येतात, समारंभ होतात, आणि कोठारं रिकामी असतात. मासेरची तब्येत मला बरी वाटते. तिथे मालक अजून घरातच राहतात, पाहुण्यांना काही दालनं उघडतात, भित्तिचित्रांपुढे जाताना पायात नमद्याचे जोडे चढवायला लावतात, आणि बाजूच्या मळ्यातल्या द्राक्षांची वाइन त्याच जागेच्या नावाने विकतात.